मुलाच्या स्वॅब रिपोर्टमध्ये अझिथ्रोमायसिनपुढे 'आर' आलाय, आता काय?

ऐरोलीची_आई
नमस्कार, मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची. जूनमध्ये पाळणाघर सुरू झालं तेव्हापासून मोठ्याचं नाक वाहतंच आहे, चार वेळा सर्दी-ताप झाला आणि चारही वेळा अझिथ्रोचं, म्हणजे अझिथ्रोमायसिन ह्या अँटिबायोटिकचं सिरप दिलं. खरं सांगते, डॉक्टरांनी दोनदाच लिहून दिलं होतं, एकदा जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून आणलं आणि एकदा फ्रिजमध्ये उरलेली बाटली होती तीच दोन दिवस पाजली. ह्या वेळी पाच दिवस ताप उतरेना, श्वास पण जोरात चालत होता म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नाकातून पार आत काडी घालून स्वॅब घेतला. रिपोर्टमध्ये स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, पेनिसिलिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपुढे एस म्हणजे औषध चालतं, एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन, को-ट्रायमोक्सॅझोल तिन्हीपुढे आर, म्हणजे जंतू दाद देत नाही. डॉक्टरांनी साधं अमॉक्सिसिलिन दिलंय आणि आता ताप नाहीये. पण सासूबाई म्हणतात एवढी औषधं पाजून पोराच्या अंगाला सवय झाली, पुढे काही लागूच पडणार नाही. रात्रभर झोप नाही मला. धाकटीला वेगळं ठेवू का? तिचा पण स्वॅब करू?

लॅबवाला_ठाणे
ताई, आधी एक गोष्ट मनातून काढा, सवय मुलाच्या अंगाला होत नाही, जंतूला होते. तुमचा मुलगा आहे तसाच आहे. मी लॅबमध्ये कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासतात तिथे, अकरा वर्षं काम करतोय. रक्त घातलेली लाल प्लेट असते, तिच्यावर जंतू पसरवायचे, वरून औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक पांढऱ्या टिकल्या ठेवायच्या आणि रात्रभर उबेला ठेवायचं. सकाळी ज्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडलेला असतो ते औषध चालतं, तो गोल आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो. आणि एरिथ्रोमायसिनच्या टिकलीला जंतू पार कडेला खेटून वाढलेले दिसले की आर. एरिथ्रोला आर म्हणजे अझिथ्रोलाही आरच धरायचा, एकाच घराण्यातली औषधं ती. हे आता नवलाचं राहिलेलं नाही, म्हणून तर डब्ल्यूएचओने 2024 च्या धोकादायक जंतूंच्या यादीत अझिथ्रोच्या घराण्याला न जुमानणारा न्यूमोकोकस, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलाच स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, घातलाय.

दुसरं म्हणजे हा जंतू चांगल्या खेळत्या मुलांच्या नाकातही असतो. स्वॅबमध्ये सापडला म्हणून आजार त्यानेच झाला असं ठरत नाही. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची, तिला अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही, पण नाकात मुक्कामाला असलेल्या जंतूंना फरक पडतो. अझिथ्रो अंगात निम्मं व्हायलाच जवळपास तीन दिवस लागतात, म्हणजे कोर्स संपला तरी कितीतरी दिवस थोडं थोडं औषध शिल्लक असतं, तेवढ्यात मऊ जंतू मरतात आणि चिवट उरतात, मग नाकात त्यांचीच वस्ती. चार महिन्यांत चार वेळा म्हणजे तुम्हीच बघा.

घोडबंदर_बाबा
@लॅबवाला_ठाणे दादा, साधं अमॉक्सी का दिलं? आमच्याकडे नेहमी क्लॅव्हवालं, म्हणजे अमॉक्सीत क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड घातलेलं देतात, ते जास्त स्ट्राँग ना?

लॅबवाला_ठाणे
ह्या जंतूसाठी नाही. क्लॅव्ह कशासाठी असतं, तर काही जंतू औषध फोडणारं एन्झाइम सोडतात, त्या एन्झाइमला ते अडवतं. हिमोफिलस, मोराक्सेला, कान-सायनसमध्ये सापडणारे, ह्यांच्याबाबतीत त्याचा उपयोग होतो. न्यूमोकोकस एन्झाइम सोडतच नाही. त्याला पेनिसिलिन चुकवायचं असलं तर औषध जिथे जाऊन चिकटतं ती स्वतःची प्रथिनंच तो बदलतो, मग क्लॅव्ह घाला नाहीतर नका घालू, सारखंच, उलट क्लॅव्हने पोरांना जुलाब जास्त. ताईंच्या रिपोर्टमध्ये पेनिसिलिन एस आहे, म्हणजे अमॉक्सी मस्त चालणार. डॉक्टरांनी अगदी बरोबर औषध दिलंय.

घोडबंदर_बाबा
ओके, हे आज कळलं. ताई, आमच्या मुलीच्या वेळी आम्ही पण केमिस्टचं औषध देत बसलो आणि चौथ्या दिवशी ॲडमिट करावं लागलं, ती रात्र अजून आठवते. तेव्हा तिथल्या सिस्टरनी शिकवलं, मूल शांत झोपलेलं असताना शर्ट वर करून पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. 2 महिने ते 1 वर्ष 50 किंवा वर, 1 ते 5 वर्षं 40 किंवा वर गेले तर लगेच दाखवायचं, आणि बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजत पण बसायचं नाही, उचलायचं आणि निघायचं. शेंबूड हिरवा झाला म्हणून आम्ही घाबरायचो, त्यावरून काही कळत नाही म्हणाल्या.

निवृत्त_सिस्टर_नेरूळ
बाळा, धाकटीला वेगळं ठेवू नकोस, एका घरात ते जमत पण नाही. तिला काही होत नसेल तर स्वॅब पण नको, जंतू सापडला तरी बऱ्या मुलाला औषध देत नाहीत. तिचं लसीचं कार्ड काढ आणि पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकसची लस, बघ. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तीन डोस असतात. 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे, तुझ्या जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात विचार. तिसरा डोस पुढच्या महिन्यात येतोय तो चुकवू नकोस. लशीत ह्याच जंतूचे जास्त त्रास देणारे प्रकार घेतलेत, आणि औषधांना दाद न देणारे बरेचसे त्यातच होते, म्हणून लस घेतलेल्या मुलांच्या नाकात ते कमी राहतात आणि घरातल्या बाकीच्यांनाही कमी लागतात.

आणि सिरपच्या बाटलीचं सांगते, पावडरमध्ये पाणी घातलं की तिचे दिवस मोजलेले असतात, लेबलवर लिहिलेलं असतं. महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून परत पाजलं की ना पुरता डोस ना पुरते दिवस.

ऐरोलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना रडूच आलं. कार्ड काढलं, दोन डोस झालेत, तिसरा 14 तारखेच्या पुढे. फ्रिजच्या दारात अजून दोन बाटल्या निघाल्या, एकीवर मार्चची तारीख आहे. सासूबाईंना लॅबवाल्या दादांची टिकलीची गोष्ट वाचून दाखवली, त्या म्हणाल्या म्हणजे पोर बरंय ना, बास. आत्ता झोपलाय तर श्वास मोजले, 26 आले. अमॉक्सीचे अजून दोन दिवस राहिलेत, ते पूर्ण करते. पाळणाघरातल्या बाकीच्या आयांना हा धागा पाठवला तर चालेल ना? तिथे आठ मुलं आहेत आणि सगळ्यांची नाकं वाहताहेत.

निवृत्त_सिस्टर_नेरूळ
पाठव की.