ओळखीच्या गाण्यासारखं वाटणारं गेमचं संगीत: चाल, उचल की वळण?

प्रश्न (विजापूर रोड, सोलापूर)

नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या घरात एका शब्दावरून वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

भाच्याने मोबाइलवर जुने टीव्ही गेम घेतलेत. आपण लहानपणी कॅसेट लावून खेळायचो, तेच. त्याने पेंग्विनचा गेम लावला. पेंग्विन बर्फावरून पळतो, भोकं चुकवतो, मासे पकडतो. त्याचं संगीत मी इतकी वर्षं गेमचंच समजत होतो. भाचा म्हणाला, "मामा, हे चोरलेलं आहे." आणि लगेच मूळ रचना ऐकवली. एमिल वाल्डटॉयफेल या फ्रेंच संगीतकाराचा १८८२ सालचा 'स्केटर्स वॉल्ट्झ', म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाचं संगीत. कोनामी या जपानी गेम कंपनीने तो १९८३ च्या 'अंटार्क्टिक अ‍ॅडव्हेंचर'मध्ये वापरला. हाच आपला पेंग्विन.

बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते आतून उठून आले. "चोरलंय काय म्हणतोस? त्या चालीवर आहे म्हण!" भाचा ऐकेना. मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय. मराठीत अशा संगीताला नेमकं काय म्हणायचं?

बाळे

चोरीच की. दुसऱ्याचं घेतलं, नाव सांगितलं नाही, तर दुसरा शब्द कशाला शोधायचा?

जुळे सोलापूर

बाबांचं बरोबर आहे, दादा. 'च्या चालीवर' हा आपला फार जुना आणि फार प्रामाणिक शब्दप्रयोग आहे. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'चा पहिला प्रयोग १८८२ चा, म्हणजे तुमच्या वॉल्ट्झच्याच वर्षीचा. त्या काळच्या पदांत लावणीच्या, कीर्तनाच्या, कानडी गाण्यांच्या चाली सर्रास येत. कोणी लपवत नसे. उलट गाणाऱ्याला सोय व्हावी म्हणून छापत. आजही भजनी मंडळात सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात आणि "अमुक चालीवर घ्या" असं पेटीवाल्याला मोठ्याने सांगतात.

म्हणून मी असं म्हणेन: सगळ्यांना ठाऊक असलेली, हक्क संपलेली किंवा लोकांमधलीच चाल उघडपणे घेतली, तर 'चालीवर'. गेम बॉयवरचं १९८९ चं 'टेट्रिस' घ्या. वरून ठोकळे पडताना जे वाजतं ते 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत. शब्द रशियन कवी नेक्रासोव्ह यांच्या १८६१ च्या कवितेचे. त्याच गेममध्ये बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या 'फ्रेंच सुइट'मधला मिन्युएट हा नाचाचा तुकडाही निवडता येतो. याला चोरी म्हणणं म्हणजे वासुदेवाच्या गाण्यावर मालकी सांगण्यासारखं आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या जुन्या टीव्ही गेमच्या यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांची. गळा नाही, शब्द नाहीत, वाद्यमेळ नाही. सगळं गळून पडतं आणि उरते ती निव्वळ चाल. म्हणूनच गेममध्ये साम्य चटकन कानाला लागतं, आणि म्हणूनच 'चाल' हा शब्द इथे इतका चपखल बसतो.

साखर पेठ

आमच्याकडे पोरं सरळ "कॉपी मारलं" म्हणतात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, तिथेही 'कॉपी कोट्टडं'. कोट्टडं म्हणजे मारणं. कानडीतला शेजारीही 'कॉपी होडेदा' म्हणतो, तेही मारणंच. सोलापूरच्या तिन्ही भाषांत कॉपी मारतातच, हे मला आज लिहिताना जाणवलं.

पण माझा मुद्दा 'उचलणे' या शब्दाचा आहे. आमच्या चादरीच्या धंद्यात नक्षी जाकार्ड मागाच्या पुठ्ठ्यावर भोकं पाडून उतरते. दुसऱ्याचा मोर बघून मी माझा मोर काढला, मान थोडी वळवली, पिसारा माझ्या मनाचा केला, तर ते 'त्या धर्तीवर'. पण त्याचे पुठ्ठे आणून भोकाला भोक जुळवलं, तर 'उचललं'. वर्षानुवर्षं काम केलेल्या कारागिराला हा फरक चादर हातात घेतली की कळतो.

आणि 'उचल' म्हणजे आगाऊ घेतलेला पगारही. ऊसतोडीला जाणाऱ्यांना विचारा. ती वहीत लिहिलेली असते, फेडायची असते. म्हणजे नाव सांगून घेतली ती उचल, न सांगता घेतली ती उचलेगिरी. शब्दातच हिशेब आहे बघा.

विजापूर रोड (प्रश्नकर्ता)

ताई, काका, दोघांचेही मनापासून आभार. 'उचल' तर माझ्या डोक्यातही आली नव्हती. पण मारिओचं काय करायचं? १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं संगीत कोजी कोंदो यांचं. भाच्याने टी-स्क्वेअर या जपानी बँडची १९८४ ची 'सिस्टर मॅरियन' ऐकवली. त्यातला एक तुकडा ऐकताना डोळ्यांपुढे मारिओच पळायला लागला. कोंदो यांनी अशा जपानी फ्युजन बँडचा आपल्यावर प्रभाव असल्याचं स्वतः सांगितलंय. हे 'चालीवर' नाही, कारण पुढे गाणं आपल्या वाटेने जातं. 'उचललं' म्हणायला जीभ रेटत नाही.

शेळगी

वळण! "पोरगी आईच्या वळणावर गेलीय" म्हणतो ना आपण? नाक वेगळं, उंची वेगळी, पण हसली की आई दिसते. त्यात कोणाची चूक नसते, आरोप नसतो. अक्षरालाही वळण असतं, गुरुजींचं वळण मुलाच्या अक्षरात उतरतं. तसंच मारिओचं संगीत टी-स्क्वेअरच्या वळणावर गेलंय. दोन गाणी भूपातली असली, पाच स्वर तेच असले, तर ती एकमेकांसारखी वाटणारच. तिथे आपण चोरीचं नाव काढत नाही.

कोंदो यांचीच आणखी एक गोष्ट. १९८६ च्या 'झेल्डा' या गेमच्या सुरुवातीला त्यांना फ्रेंच संगीतकार राव्हेलची 'बोलेरो' ही रचना वाजवायची होती. हक्क अजून संपले नव्हते, तेव्हा त्यांनी एका रात्रीत नवी रचना बांधली. चालीवर होता होता राहिलेलं हे संगीत आज त्या गेमची ओळख आहे. दुसऱ्याच्या चालीचा मान ठेवला, म्हणून स्वतःची सापडली. मला ही गोष्ट फार आवडते.

बाळे

वळण पटलं. पण 'सॉनिक ३' मधल्या बर्फाच्या टप्प्याचं संगीत कशात बसवाल? ते जेट्झन्स बँडच्या 'हार्ड टाइम्स'शी जुळतं. ते गाणं त्या बँडमधल्या ब्रॅड बक्सर यांचं, आणि गेमच्या संगीतातही तेच होते. गेम १९९४ चा, पण जुनं गाणं लोकांपुढे आलं २००८ मध्ये.

जुळे सोलापूर

मग ती घरचीच चाल. पहिल्या मुलाचं अंगडं धाकट्याला घातलं, एवढंच. 'चोरी'तून तुम्ही बाहेर आलात, याचा आनंद वाटला.

विजापूर रोड (प्रश्नकर्ता)

ही सगळी चर्चा बाबांना वाचून दाखवली. 'वळण' ऐकून ते भाच्याकडे बघून हसले, कारण तो अगदी त्यांच्याच वळणावर गेलाय. मग म्हणाले, पेंग्विन पुन्हा लाव. दोनदा ऐकलं, पेटी ओढली आणि सूर शोधायला लागले. वॉल्ट्झचं एक-दोन-तीन त्यांनी दादऱ्याच्या सहा मात्रांत बसवलं. भाचा टेबलावर ठेका धरून होता. पहिल्या दोन ओळी जमल्या, तिसरीला अभंगाचे शब्द कमी पडले, तेव्हा 'विठ्ठल' दोनदा घेतला.

भजनाच्या वहीत त्यांनी नवं पान काढलंय. वर लिहिलंय: चाल – पेंग्विन. भाच्याने पेन घेऊन त्याखाली 'मूळ वाल्डटॉयफेल, १८८२' असं घातलं, आणि बाबांनी ते राहू दिलं.