अमेरिकेतल्या शाळकरी फुटबॉलपटूंना मिळणारे 'तारे' पुढे खरे ठरतात का?

धरमपेठचा मामा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण गेली अठरा वर्षे टेक्सासात, डॅलसजवळ राहते. तिचा सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघातून तिकडचे फुटबॉल खेळतो. म्हणजे आपले पायाने खेळायचे नव्हे, तर लांबट चेंडू काखेत धरून समोरच्याच्या अंगावर धावून जाण्याचे. उंची सहा फूट चार इंच, जागा ऑफेन्सिव्ह लाइनवरची, म्हणजे चेंडू बाळगणाऱ्या आपल्या गड्याला समोरच्यांपासून राखणाऱ्या पुढच्या फळीतली. गेल्या महिन्यात शाळकरी खेळाडूंची प्रतवारी करणाऱ्या एका संकेतस्थळाने त्याला चार तारे दिले आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दुसरा विषय उरलेला नाही. माझ्या आईने तर टेकडीच्या गणपतीला नवसही बोलून ठेवला आहे.

मुलाचे वडील मात्र धास्तावलेले आहेत. त्यांच्या मते हे तारे म्हणजे लग्नाच्या स्थळाच्या बायोडेटासारखे असतात, वाचायला उत्तम आणि पडताळायला अवघड. माझा प्रश्न असा की ज्या मुलांना शाळेत असताना इतके वरचे गुण दिले जातात, ती पाच-सात वर्षांनी कुठे असतात, आणि या ताऱ्यांच्या भरवशावर घराने किती बेत आखावेत?

ओहायोहून परतलेला, प्रतापनगर

मी अकरा वर्षे ओहायोत नोकरीला होतो. तिथे शनिवारी कॉलेजचा सामना असला की आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी असतो तसा शुकशुकाट रस्त्यावर असे, त्यामुळे हा विषय इच्छा नसतानाही अंगवळणी पडला.

प्रथम मांडणी सांगतो. पाच तारे हा सर्वांत वरचा दर्जा. तो देशभरातून दरवर्षी साधारण तीसेक मुलांनाच मिळतो, आणि ही संख्या योगायोगाची नाही. व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, वार्षिक ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत) पहिल्या फेरीत साधारण ३२ खेळाडू निवडले जातात, तोच हिशेब डोळ्यांपुढे ठेवून हे तारे वाटले जातात. शाळा संपल्यावर किमान तीन वर्षे गेल्याखेरीज एनएफएलमध्ये जाता येत नाही, म्हणून मधली वर्षे बहुतेक सारे कॉलेजकडून खेळतात. भविष्य खरे की खोटे ते या वर्षांत ठरते.

आता उदाहरणे. २०११ साली शाळकरी मुलांत अव्वल मानला गेलेला जॅडेव्हियन क्लाउनी २०१४ च्या ड्राफ्टमध्येही पहिलाच निवडला गेला. ट्रेव्हर लॉरेन्सचेही तसेच, २०१८ च्या तुकडीतला अग्रगण्य आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिला. याउलट २००९ साली एका नामांकित यादीत देशात पहिला असलेला ब्राइस ब्राउन दोन कॉलेजे फिरून २०१२ मध्ये सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत निवडला गेला. तुमच्या बहिणीच्या शेजारचेच उदाहरण हवे असेल तर डॅलसच्या उपनगरातल्या साउथलेकचा क्विन युअर्स घ्या. २०२१ च्या तुकडीत तो अगदी वर होता, आणि २०२५ मध्ये त्याचे नाव पुकारले गेले ते सातव्या फेरीत.

आणि ज्यांना कोणी विचारले नाही ते? जोश ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या छोट्या शेतीच्या गावातला. एकही तारा नाही, मोठ्या कॉलेजचे बोलावणे नाही. आधी एका दोन वर्षांच्या कॉलेजात, मग वायोमिंगला, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत, सातव्या क्रमांकावर. २०२४ च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जे. जे. वॉटला दोनच तारे होते आणि तो वेगळ्याच जागेवर खेळत असे. आधीच्या कॉलेजची शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनमध्ये स्वतःच्या हिमतीवर संघात शिरला आणि पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला.

क्लाउनीबद्दल एक सांगायचे राहिले. तो दहा वर्षांहून अधिक काळ लीगमध्ये टिकला, तरी एकाही हंगामात त्याच्या नावावर दहा सॅक (समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्याला फेकीआधीच पाडणे) नाहीत, साडेनऊवर गाडी थांबली. आपल्या घरात असा मुलगा असता तर आपण पेढे वाटले असते. तिथे मात्र त्याला 'अपेक्षाभंग' म्हणणारे कमी नाहीत. तेव्हा 'पुढे कसे निघाले' हे विचारताना कोणाच्या मापाने, हेही विचारावे लागते.

निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण जोश ॲलनसारखी उदाहरणे वाचून लोक हमखास एक चूक करतात, म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा, पाच ताऱ्यांची ३० मुले आहेत आणि त्यांतली १५ व्यावसायिक खेळात पोहोचली. तीन ताऱ्यांची १५०० मुले आहेत आणि त्यांतली ९० पोहोचली. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) आता लीगमध्ये नजर टाकली तर पाच तारेवाल्यांच्या सहापट तीन तारेवाले दिसतील आणि 'तारे खोटे' असा निष्कर्ष कोणीही ठोकून देईल. प्रत्यक्षात पहिल्या गटातल्या मुलाची शक्यता निम्मी होती आणि दुसऱ्यातल्याची शंभरात सहा. तारे खोटे नसतात. ते शक्यता सांगतात आणि आपण त्यांना जन्मपत्रिका समजून बसतो.

आता तुमच्या भाच्याच्या चार ताऱ्यांकडे वळू. दरवर्षी चार तारे मिळणारी मुले तीनशेहून अधिक असतात. त्यांत पाच तारेवाले मिळवा आणि दुसरीकडे पाहा, की सातही फेऱ्या मिळून एका ड्राफ्टमध्ये सुमारे २५७ जागा असतात. म्हणजे उरलेल्या हजारो मुलांपैकी एकही निवडला गेला नाही असे धरले, तरी चार-पाच ताऱ्यांची सगळी मुले त्यात मावत नाहीत. ड्राफ्टबाहेरूनही काही जण संघात शिरतात, पण त्याने चित्र फारसे बदलत नाही.

आणखी एक. आपल्या नागपुरात रेटिंग म्हटले की पहिल्यांदा बुद्धिबळ आठवते, आणि तिथेच गल्लत होते. बुद्धिबळाचे रेटिंग प्रत्यक्ष डावांच्या निकालांतून मिळते. तरीही दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला तेव्हा तिचे मानांकन पंधरावे होते. फुटबॉलचे तारे तर कोणीतरी चित्रफिती आणि शिबिरे पाहून बांधलेला अंदाज आहेत, आणि मोठ्या कॉलेजांनी एखाद्या मुलात रस दाखवला की पुष्कळदा त्याचे तारेही वाढतात. अंदाज करणारे एकमेकांकडे पाहून अंदाज करू लागले, की ती किती मते धरायची?

मैदानावरचा माणूस, क्रिकेट प्रशिक्षक

मला अमेरिकेतले फुटबॉल कळत नाही, पण चौदा-सोळा वर्षांची मुले पंचवीस वर्षे पाहतो आहे. या वयात जो सर्वांना भारी पडतो तो पुष्कळदा केवळ लवकर वाढलेला असतो. बाकीच्यांची उंची-वजन दोन वर्षांनी त्याच्या बरोबरीला आले की त्याला प्रथमच खरे क्रिकेट खेळावे लागते, आणि तोवर ताकदीवर भागल्यामुळे पायांची हालचाल कोणी घोटून घेतलेली नसते. अंगावर अंग आदळण्याच्या खेळात तर हे अधिकच होत असणार.

उन्मुक्त चंदने २०१२ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ केले. तो भारताच्या मुख्य संघातून एकदाही खेळला नाही आणि २०२१ मध्ये, योगायोग पाहा, अमेरिकेलाच गेला. २००८ च्या त्याच स्पर्धेत सर्वाधिक धावा तन्मय श्रीवास्तवच्या होत्या, संघनायक विराट कोहलीच्या नव्हे; तन्मय आज पंच म्हणून उभा राहतो. दुसरीकडे वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा उमेश यादव विशीपर्यंत टेनिस बॉलवरच गोलंदाजी करत होता. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी. त्याला सोळाव्या वर्षी कोणी तारे दिले असते असे मला वाटत नाही, मी तर नक्कीच दिले नसते.

पण शिक्षकसाहेबांचे म्हणणेही खरे आहे. निवड समितीला आवडलेल्या मुलाला चार वेळा अपयश आले तरी पाचवी संधी मिळते. न आवडलेल्याला एक. तारा हा अंदाज असला तरी तो संधीचा पासही असतो, आणि त्यामुळे काही अंशी स्वतःलाच खरा करून दाखवतो.

धरमपेठचा मामा

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षकसाहेबांचा हिशेब मी गटावर पाठवला. मेहुण्यांना तो फार आवडला आणि आई माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. आता प्रश्न व्यवहाराचा उरतो. तीन कॉलेजांची बोलावणी आली आहेत. निवडताना काय पाहावे?

ओहायोहून परतलेला, प्रतापनगर

मामासाहेब, चार ताऱ्यांचा खात्रीचा लाभ हाच आहे, की आत्ता निवड तुमच्या भाच्याच्या हातात आहे. एनएफएल होवो न होवो, शिक्षणाचा खर्च निघण्याची दाट शक्यता आहे, आणि २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचीही मुभा आहे. त्या रकमांवर मात्र घराचे कर्ज काढू नये.

लाइनवरच्या मुलांना अंग भरायला वेळ लागतो, म्हणून पहिले एक-दोन हंगाम बाकावर गेले तर घाबरून लगेच कॉलेज बदलू नये, जरी नियम आता ते सहज करू देत असले तरी. प्रत्येक प्रशिक्षकाला समोर बसवून विचारावे, की गेल्या चार वर्षांत या जागेसाठी घेतलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, गुडघा गेला तर शिष्यवृत्तीचे काय होते, आणि सरावाच्या वेळा सांभाळून अभियांत्रिकीचे वर्ग करता येतात का. हा शेवटचा प्रश्न तुमच्या मेहुण्यांनी स्वतः विचारावा, कारण त्यावर प्रशिक्षक गुळमुळीत उत्तर देतात आणि ते बापालाच लवकर ओळखू येते.

आईंचा नवस मोडू नका. फक्त तो एनएफएलऐवजी गुडघ्यांसाठी बोला म्हणावे.