'जेलकोट'ला मराठीत काय म्हणाल? मुलामा, लेप की रोगण?

फायबरच्या कयाकचं वजन फिनिश बदलून कसं कमी करायचं यावर क्लबातल्या नव्या पोरांसाठी मराठीत दोन पानं लिहितोय. जेलकोटला, म्हणजे बोटीच्या अगदी बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थराला, 'मुलामा' लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद: मुलामा नको हो. मुलामा तयार वस्तूवर वरून चढवतात, जेलकोटचं सगळं उलटं, साच्याला मेण लावून पहिल्यांदा तोच मारतात आणि तो जरा चिकट असतानाच त्यावर फायबरचं कापड आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव), म्हणजे आधी गिलावा आणि मग विटा! आणि वजनाचं म्हणाल तर अर्धा मिलिमीटर जाडी धरली तरी चौरस मीटरला ६०० ग्रॅम होतात, खालीवर मिळून चार चौरस मीटरची कयाक असेल तर जवळपास अडीच किलो, त्यात धागा नाही म्हणून ताकदही फारशी नाही. मी तर जेलकोटच लिहीन.

प्रतिसाद: जेलकोट वगळून नुसत्या रेझिनवर ठेवलेल्या बोटीला वरून यूव्हीवालं (उन्हातले अतिनील किरण अडवणारं) वार्निश लागतंच, नाहीतर केव्हलर (हलक्या बोटींसाठी वापरतात तो मजबूत कृत्रिम धागा) उन्हात पिवळं पडतं आणि कमजोरही होतं. त्या वार्निशला 'रोगण' छान बसेल.

प्रतिसाद: रोगण म्हटलं की पेंटर ऑइलपेंटच काढेल 😀 बाकी जेलकोटऐवजी टू-पॅक पीयू पेंट (दोन डब्यांतलं मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारला तर थर ०.१ मिमीच्या आसपास, चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या आत. फक्त कापडाची वीण आणि बारीक भोकं झाकायला अस्तर आणि लांबी मारत बसलात तर वाचवलेलं वजन परत चढतं. हे दोन शब्द मात्र लेखात नक्की घ्या, प्रायमर-पुट्टीपेक्षा पेंटरला पटकन कळतात.

मूळ प्रश्नकर्ता: घेतो. मग जेलकोट पूर्णच उडवा असं लिहू?

प्रतिसाद: अजिबात नको! उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी उतरलं की काठाला दगडच दगड, तिथे बुडाला जेलकोट हवाच, तो घासला तर परत भरता येतो, केव्हलर घासलं की नुसते तंतू निघतात. वरचा डेक तेवढा बिनजेलकोटचा ठेवा, जेलकोटचं निम्मं वजन तिथेच सुटतं. आणि पोरं स्प्रिंटच्या शर्यतीला उतरणार असतील तर एकेरी कयाक नियमाने किमान १२ किलो भरावी लागते, त्याखाली गेलात तर वजन बांधून न्यायचं, मग कशाला एवढी काटकसर.