‘सागवानी दरवाजा’ मागितला, आणि काय आलं?

ओसरी
आईच्या फ्लॅटचं मुख्य दार यंदाच्या पावसात खालून फुगलं. नवीन घ्यायला गेलो. दुकानात म्हणालो, "सागवानी दरवाजा द्या." बिलावर तसंच लिहिलंय: ‘सागवानी दरवाजा, १ नग’. घरी टेम्पोतून उतरला तो नुसता पल्ला. चौकट नाही, बिजागऱ्या नाहीत, साधी कडीही नाही. तेही चाललं असतं, पण सुतारानं कुलपासाठी कडेला पटाशी घातली तर आतून पांढरट पाइनच्या पट्ट्या निघाल्या. साग होता तो वरचा पापुद्रा, पापडाहूनही पातळ. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, सागवानीच आहे. सागवानाचा आहे असं कुठं म्हणालो?"

तर जाणकारांना विचारतो: ‘सागवानी’ आणि ‘सागवानाचा’ यांत खरंच फरक आहे का? आणि दार, दरवाजा, कवाड, पल्ला, झडप यांतलं नक्की काय मागायचं?

माजघर
दुकानदाराला व्याकरणाचं पारितोषिक द्या आणि पैसे परत मागा!

‘-ई’ प्रत्यय दोन्हीकडे चालतो. ‘लाकडी घोडा’ लाकडाचाच असतो, ‘पितळी डबा’ पितळेचाच. पण ‘बदामी भिंत’ बदामाची नसते, ‘केशरी’ फेट्यात केशर नसतं. पदार्थाच्या नावाला ‘-ई’ लागला की आधी ‘त्याचा बनलेला’ हा अर्थ घ्यायचा, रंगाचा नंतर. त्यामुळे ‘सागवानी दरवाजा’ म्हणजे सागवानाचाच, त्याचा बचाव भाषेत टिकत नाही. बाजारानं मात्र हा शब्द हळूहळू बदामीच्या रांगेत नेऊन बसवलाय.

आता बाकीचे. ‘दार’ संस्कृत ‘द्वार’वरून, ‘दरवाजा’ फारसीतून आलेला, आणि ‘कवाड’ ‘कपाट’वरून. गंमत अशी की संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. मराठीत तोच शब्द तसाच्या तसा उचलून आपण त्यात साड्या ठेवतो, आणि झिजलेलं रूप दाराला ठेवलं. ‘दार’ म्हणजे मुळात मोकळी जागा, जिच्यातून आत-बाहेर करतो ती. म्हणून ‘दारात उभा राहू नकोस’. बंद होतं ते कवाड.

रंधा
घरात तीन पिढ्या सुतारकाम, म्हणून थोडं लांबण लावतो.

ओसरी, तुमची पहिली चूक म्हणजे घरचा शब्द दुकानात वापरलात. घरात ‘दार’ म्हणा की ‘दरवाजा’, अख्खं प्रकरण. दुकानात ‘दरवाजा’ म्हणजे फक्त पल्ला. झडप म्हणजेही तोच, पण आमच्याकडे दोन भागांचं दार असलं की ‘झडपा’ म्हणतात. चौकट वेगळी, सामान वेगळं. सामान म्हणजे बिजागऱ्या, कडी-कोयंडा, अल्ड्रॉप (कुलूप लावायची मोठी सरकती कडी), स्टॉपर.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे आलेला माल फ्लश डोअर. बाजारात त्याला सर्रास ‘फ्लॅश’ म्हणतात, बोर्डावरही तसंच रंगवतात. चमकण्याशी संबंध नाही. फ्लश म्हणजे सपाट, वर-खाली काही नाही असा. आत लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, दोन्ही बाजूंनी प्लाय, त्यावर विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा सनमायका. हे दार वाईट नसतं. चांगल्या चिकटीचं भरीव फ्लश सागापेक्षा कमी वाकतं. त्याच्यासाठी आयएस २२०२ हे भारतीय मानक आहे, पल्ल्यावर शिक्का बघावा. जाडी २५, ३० किंवा ३५ मिमी. मुख्य दाराला ३५ च्या खाली जाऊ नये, नाहीतर कुलपाच्या खाचेनंतर उरतं काय? कडेला चारी बाजूंनी लाकडाची पट्टी असते, तिला लिपिंग म्हणतात. पटाशी घालताच पाइन निघाला म्हणजे तुमच्यात ती नसावी, नुसता रंग फासलेला असावा. खालची कड उघडी राहिली की पोछ्याचं पाणी तिथूनच चढतं. आईंचं जुनं दार फुगलं तेही बहुधा असंच. नव्या पल्ल्याची खालची कड आजच बंद करून घ्या.

खरं सागवानाचं दार म्हणजे पॅनेलचं. दोन उभे, त्यांना जोडणारे तीन-चार आडवे, मध्ये पॅनेल. उभ्यात वेज (भोक) पाडायचा, आडव्याच्या टोकाला कुसू (जिभेसारखा भाग) काढायचं आणि ते वेजात बसवायचं. पॅनेल मात्र खाचेत सुटं ठेवायचं, डिंक लावायचा नाही. कारण लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र पावसात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. पॅनेल चिकटवलं तर एप्रिलमध्ये मधोमध उलतं, म्हणजे तडकतं. वडील गिऱ्हाइकापुढे पॅनेल बोटानं दाबून किंचित हलवून दाखवायचे आणि म्हणायचे, "हे हलतंय, म्हणून हे टिकेल." गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, "अहो, ढिलं आहे की!"

इरईकाठ
रंधा, मस्तच. ‘उलणे’ कितीतरी दिवसांनी वाचला.

चंद्रपूरकर असल्यानं एक भर. वखारीत तुम्हाला ‘सीपी साग’ असं ऐकवतील. लोकांना वाटतं कंपनी असेल, किंवा प्रतवारी. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांचा मध्य प्रांत. प्रांत इतिहासजमा झाला, नाव लाकडाला चिकटून राहिलं. बल्लारशा (म्हणजेच बल्लारपूर), आलापल्ली ही नावंही तशीच जंगलांची आणि डेपोंची. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी आमच्या बल्लारपूरच्या डेपोतूनच सागवान रवाना झालं, तेव्हा मिरवणूक निघाली होती. आता पुण्या-मुंबईतला प्रत्येक साग बल्लारशाचाच झालाय, एवढा आमच्या जंगलात नाही!

ओळखायचं तर कडेला बघा. गाभ्याचं लाकूड सोनेरी-तपकिरी, हाताला जरासं तेलकट. बाहेरचं पांढरट. त्या पांढऱ्याला आधी वाळवी लागते. पॉलिश मारून पांढरं लपवतात, म्हणून पॉलिशआधीच बघायचं.

लाल माती
आमच्या आजोळी (रत्नागिरीजवळ) दारं फणसाची. नवी असताना पिवळीधम्मक, पन्नास वर्षांनी काळपट तांबडी. बिजागऱ्या नाहीतच. फळीलाच वर-खाली खुंट ठेवलेले, ते चौकटीच्या भोकांत फिरतात. पहाटे आजी दार उघडायची ते ‘कर्रर्र’ आजही झोपेत ऐकू येतं. तेलाचा थेंब टाकू द्यायची नाही, म्हणायची आवाज आला की कळतं कोण आलं-गेलं. आतून आडवा दांडा सरकवायचा, तो अडसर. शहरात आल्यावर पेपरात ‘प्रकल्पातील अडसर दूर’ वाचलं तेव्हा मला आजीचा दांडाच दिसला होता.

आणि उंबरा उंबराच्या लाकडाचा, म्हणून उंबरा, असं आजोबा सांगायचे. खरं का?

माजघर
आजोबा एका अर्थी बरोबर. संस्कृतात ‘उदुम्बर’ या शब्दालाच झाड आणि उंबरठा असे दोन्ही अर्थ आहेत. पण म्हणून प्रत्येक उंबरा उंबराचा होता असं नाही. मोजणीत तो दारापेक्षा मोठा: ‘चाळीस उंबऱ्यांचं गाव’ म्हणतो, चाळीस दारांचं नाही.

‘अडसर’सारखाच ‘आगळ’, ‘अर्गला’वरून. आणि दिंडी दरवाजा विसरू नका. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात पाहा, अवाढव्य खिळेबंद दारातलं छोटं दार, मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही.

मांडवी
गोव्याकडून: चावी पोर्तुगीज ‘शाव्ह’ची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. बिजागरीही पोर्तुगीज ‘बिझाग्रा’. म्हणजे लाल मातीच्या आजोळी वस्तूही नव्हती आणि शब्दाचीही गरज नव्हती. आमच्याकडे खिडकीसुद्धा जनेल.

ओसरी
सगळ्यांचे आभार. दुकानदार पल्ला परत घेतो म्हणालाय. आता चौकटीसकट सागाचंच करायचं ठरलं. वखारवाला घनफुटात भाव सांगतोय. ते कसं मोजतात? चौकट ७ फूट बाय ३ फूट, तिचं लाकूड ५ इंच रुंद, अडीच इंच जाड.

रंधा
चौकटीची सगळी लाकडं जोडून एकूण लांबी फुटांत. गुणिले रुंदी इंच, गुणिले जाडी इंच, भागिले १४४. दोन उभे १४ फूट, दोन आडवे ६, झाले २०. २० गुणिले ५ गुणिले अडीच म्हणजे २५०, भागिले १४४ = १.७४ घनफूट. कापताना, रंधताना थोडं जातं, ते आधीच ठरवून घ्या. आणि लाकूड मुरलेलं, म्हणजे सावकाश आतपर्यंत वाळलेलं, आहे का विचारा. ‘सुकलेलं’ विचाराल तर ओलं लाकूड दोन दिवस उन्हात ठेवूनही तो हो म्हणेल.

ओसरी
आज जाऊन आलो. मुरलेलं, गाभ्याचं, पॅनेल सुटं, सगळं बोललो. वखारवाला जरा सरसावून बसला. चौकटीचं बिल केलं १.७४ घनफूट. म्हटलं, फ्लॅटला उंबरा नाही, आईच्या गुडघ्यांमुळे काढून टाकलाय. खाली आडवं नाहीच, मग लांबी १७ फूट.

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा कॅल्क्युलेटरकडे बघितलं आणि खोडून १.४८ केलं. वर म्हणाला, "तीन बाजूंची असली तरी साहेब, म्हणायचं चौकटच."