जुन्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्सचा खटका अडकला तर अख्खं झाकण कशाला बदलायचं?

मानेवाडावाला
गाडी २००५ ची, छोटी पेट्रोल, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओतून पुन्हा पासिंग करून घेतलेली, इंजिन अजून टकाटक. आता ग्लोव्ह बॉक्स उघडेना म्हणून गॅरेजला दाखवला तर हँडल एकदा ओढून बघितलं आणि "पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल" म्हणून मोकळे. घरी येऊन मी उघडला तर झाकण शाबूत, बिजागरी शाबूत, कडीत अडकणारा आकडा शाबूत, तुटला होता फक्त हँडल ओढल्यावर आकडा मागे खेचणाऱ्या लिव्हरचा प्लॅस्टिकचा कान, बोटाच्या पेराएवढा पण नाही. तेवढ्यासाठी चांगलं झाकण भंगारात घालायचं हे मला अजिबात पटत नाही.

ज्यांचा अडकलाय त्यांनी आधी हँडल कसं लागतंय ते बघा. ओढताना ताण जाणवतोय पण झाकण हलत नाही, तर आकडा डॅशबोर्डवरच्या कडीत आवळलाय. आत फायली, टॉर्च, बाटली कोंबलेली असली की सगळा भार झाकणावर येतो, मग तळहाताने झाकण आत दाबून धरायचं आणि तसंच हँडल ओढायचं, भार हटला की सुटतं. हँडल एकदम लुळं लागत असेल तर मात्र लिव्हर तुटलाय किंवा स्प्रिंग निसटलीय. तेव्हा पातळ स्टीलच्या पट्टीला टेप गुंडाळून वरच्या फटीतून घालायची आणि आकडा दाबायचा. नाहीच जमलं तर खालून बिजागरीचे स्क्रू काढा, बऱ्याच जुन्या गाड्यांत ते झाकण बंद असताना पण हाताला लागतात. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, डॅशची कड कायमची फाटते.

खामलेकर
उघडण्याची पद्धत बरोबर आहे, पुढचं पटलं नाही. भाऊ, आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात ४५-४६ असतं, नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) गाडी उन्हात उभी राहिली की काचेखालचा डॅश हात लावू देत नाही. असं वीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक आहे ते, आज कान तुटला, उद्या हँडलची पिन जाईल, परवा बिजागरी. घाट रोडला जा, जुन्या गाडीचा पूर्ण बॉक्स निघालेला मिळतो का बघा, अर्ध्या तासात बसवून मोकळे. एकेक तुकडा जोडत बसायला लोकांना वेळ कुठे आहे?

मानेवाडावाला
पण जुन्या गाडीतून काढलेला बॉक्स पण तेवढंच ऊन खाऊन आलेला असतो ना? त्याचा कान मजबूत असेल हे कशावरून? वरून रंग जुळत नाही, आणि दुसऱ्या डॅशचं झाकण आपल्या कडीवर नीट बसत नाही, मग ते खडखडतं. माझ्याच झाकणात मी कानाच्या जागी धातूची पिन घातली तर तो भाग आधीपेक्षा पक्का होतो.

गॅरेजवाली_ताई
दादा, आमची बाजू पण ऐकून घ्या. स्प्रिंग दहा-वीस रुपयांची असेल, पण झाकण उतरवणं, तुटलेला कान घडवणं, कडी जुळवणं ह्यात दोन तास जातात आणि दोन तासांची मजुरी सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं "एवढ्याशा स्प्रिंगचे एवढे पैसे?" असेंब्ली टाकली तर बिल दिसतं, काम लवकर होतं आणि परत तक्रार येत नाही. चिकटवलेला कान महिन्यात सुटला तर शिव्या आम्हालाच. मजुरी द्यायची तयारी ठेवा, आम्ही पण दुरुस्त करून देऊ.

मानेवाडावाला
ताई, हे शंभर टक्के खरं आहे आणि मजुरी मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की गिऱ्हाईकाला दोन्ही पर्याय सांगा, ठरवू दे त्याला.

धरमपेठ७
मला तर ह्या सगळ्याचीच गरज वाटत नाही. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली कागदपत्रं चालतात, मग त्या कप्प्यात ठेवायचं काय? रिकामा करा, वेल्क्रोची पट्टी लावा, विषय संपला. आणि एअरबॅगच्या जवळ कशाला हात घालायचा, तो धोका कोणीच बोलत नाहीये.

मानेवाडावाला
एअरबॅगचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आधी मीच लिहायला हवा होता. ज्यांच्या गाडीत डाव्या बाजूला एअरबॅग आहे त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडं थांबावं आणि वरच्या पॅनेलला पट्टी लावूच नये. पण आपल्याकडे पुढच्या पॅसेंजरची एअरबॅग सक्तीची झाली ती १ एप्रिल २०२१ पासून, ती पण आधी नव्या मॉडेलला, त्यामुळे २००५ च्या साध्या छोट्या गाडीत ती बहुतेक नसतेच.

वेल्क्रोला मात्र माझा ठाम विरोध. झाकण बरोबर बाजूच्या माणसाच्या गुडघ्यासमोर असतं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियम २०१ मध्ये धडकेच्या चाचणीत अशा कप्प्याचं दार बंदच राहिलं पाहिजे अशी अट आहे, ती उगाच नाही. तिथे माझी आई बसते, तिच्या गुडघ्यावर झाकण आदळलेलं मला चालणार नाही. कप्पा रिकामा असला तरी खटका धातूच्या कडीतच अडकला पाहिजे.

वऱ्हाडी_गडी
भाऊ माह्या गाडीचा बी असाच कान तुटला, दोन डाव फेविक्विक लावलं, उन्हात गाडी राह्यली का पुन्हा सुटते. तुमी पिन कायची घातली ते त सांगा.

मानेवाडावाला
फेविक्विक तिथे टिकणारच नाही भाऊ, ते ठिसूळ असतं आणि हँडलचा झटका सगळा त्याच जागी बसतो. साधं एपॉक्सी पण साठ अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि उन्हातल्या डॅशवर तेवढं सहज होतं, म्हणून जोर गोंदावर नाही, धातूवर आला पाहिजे. सायकलचा स्पोक घ्या, दोन मिलिमीटरचा असतो. लिव्हरच्या जाड भागात हाताच्या ड्रिलने सावकाश तेवढंच भोक पाडा, तुकडा घालून मागून काटकोनात वाकवा, एपॉक्सी फक्त तो हलू नये म्हणून. ग्रीस लावू नका, धूळ धरून पुन्हा जाम होतं, सिलिकॉन स्प्रे पुरतो. आणि झाकण लगेच बंद करू नका. उघडं असतानाच स्क्रू ड्रायव्हरची दांडी आकड्यात अडकवून हँडल ओढून बघा, आकडा दर वेळी पूर्ण मागे जातोय ह्याची खात्री झाली की मगच लावा, नाहीतर पुन्हा पट्टी घेऊन बसावं लागेल.

वऱ्हाडी_गडी
स्पोक हाये घरी. रविवारी करतो.

खामलेकर
करा, पण मे मधून निघाला का ते इथे लिहा. माझं मत तोवर तेच.