प्रति: बडोद्यातलं चायनीज
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की बडोद्याच्या फतेगंज भागात मिळतं ते खरं चायनीज नव्हेच. मान्य! पण मंचुरियन तरी चीनचं कुठे? १९७५ च्या सुमारास मुंबईत शेफ नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात.

फतेगंजात जायचंच तर संध्याकाळी सातच्या आत जा. नंतर युनिव्हर्सिटीची पोरं येतात, आणि गर्दीत एकाच कढईत चार प्लेटी टाकल्या की आच पुरत नाही. नूडल्स परतल्या न जाता वाफवल्या जातात, लगदा होतो. मंचुरियन ड्रायच मागवा, ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअर जास्त पडलं की नुसती खळ. जैन हवं तर आधीच सांगा. कांदा, लसूण आणि आलं वगळलं की सगळी भिस्त सोया सॉस आणि मिरचीवर. आमच्या सासूबाईंना तेच आवडतं!