2025 चा रणजी करंडक आपल्या विदर्भाचा, पण दुसऱ्या राज्यांतून आणलेले पाहुणे खेळाडू आता पुरेत की नाही?

धरमपेठकर
आपल्याकडून खेळलेला फलंदाज करुण नायर कर्नाटकात परत गेला आणि लगेच आपल्याकडे सुरू झालं, 'त्याच्या जागी कोणाला आणायचं?' मला हा प्रश्नच पटत नाही. बाहेरून आणायचंच कशाला? 2025 ची केरळविरुद्धची फायनल आठवा. नागपूरच्या जामठा मैदानावर आपले 24 धावांत 3 गडी गेले होते. तिथून दानिश मालेवारनं 153 काढल्या. पोरगा नागपूरचा, पहिलाच रणजी मोसम. यश राठोडच्या मोसमात 960 धावा. हर्ष दुबेच्या 69 विकेट, रणजीच्या एका मोसमात एवढ्या आजवर कोणीच घेतल्या नव्हत्या. अकरा जिल्ह्यांत पोरं पहाटे उठून किट पाठीवर टाकतात, त्यांच्यासमोर आपण पाटी लावतो की वरच्या क्रमांकाची जागा बाहेरच्यासाठी राखीव आहे. आजवर आणलेले पाहुणे बघा: बद्रिनाथ, वसीम जाफर, गणेश सतीश, ध्रुव शोरी, करुण. नीट बघा, सगळे फलंदाज. गोलंदाज आपण घरी तयार करतो आणि फलंदाज आणतो, हे किती वर्षं चालणार?

बर्डीचा बंड्या
भाऊ, त्या 153 ची गोष्ट सांगून राहिले, पण समोर कोण उभा होता हे काऊन नाही सांगत? करुण. त्याच्या 86, दोघांची भागीदारी 215 ची. दुसऱ्या डावात परत 7 धावांवर 2 गडी, परत हेच दोघं, आणि करुणच्या 135. पहिल्या डावाची आघाडी कितीची होती? 37 ची! हे दोघं तवा गेले असते तर करंडक गेला होता केरळात. आपण 1957-58 पासून रणजी खेळून राहिलो. पहिला करंडक आला 1 जानेवारी 2018 ले. इतकी वर्षं आपलेच पोरं होते ना बाप्पा, मग काऊन नाही जिंकलो? प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले, जाफर आला, तवा कुठं आपल्याले वाटाले लागलं की आपणही जिंकू शकतो.

धरमपेठकर
बंड्याभाऊ, जाफरबद्दल माझ्या मनात आदरच आहे. 2018-19 ला चाळिशीत त्यानं हजारावर धावा काढल्या, ते विसरणारा नागपूरकर नाही. पण 2018 ची ती इंदूरची फायनलही बघा ना. दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक रजनीश गुरबानीची, 133 धावा अक्षय वाडकरच्या. शिकवणी लावली, पोरगा पास झाला, आता तो पुढच्या वर्गाचा अभ्यास स्वतः करू दे.

बर्डीचा बंड्या
पास झाला म्हणता? मग 2025 च्या फायनलले सलामीले कोण गेला होता? पार्थ रेखडे. फिरकी टाकणारा पोरगा! दुसऱ्याच चेंडूवर भोपळा. तिसऱ्या नंबरवर नळकांडे, तो पण गोलंदाज. असे फलंदाज तयार झाले तुमचे?

धरमपेठकर
हाच तर माझा मुद्दा आहे! वर्षानुवर्षं वरच्या जागा बाहेरून भरल्या, म्हणून सलामीला माणूस सापडला नाही. आणि अकोल्याचा अथर्व तायडे हाडाचा सलामीवीर आहे, तो त्या अकरात नव्हता. त्याच अथर्वनं ऑक्टोबर 2025 मध्ये जामठ्यावरच इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध 143 ठोकल्या आणि आपण जिंकलो. करुणशिवाय जिंकलो.

मानेवाड्याची ताई
दादा, एका आईचं पण ऐका. माझा मुलगा डावखुरा फलंदाज आहे, अजून वयोगटातच खेळतो. फायनलला त्याला घेऊन गेले होते. मेट्रो खापरीपर्यंत, पुढे ऑटो, डब्यात पोळी-भाजी. करुण खेळत होता तेव्हा पोरगा टाळ्या वाजवायचं विसरून नुसता त्याचा पुढचा पाय बघत बसला होता. चेंडू सोडताना डोकं कुठे असतं, पाय किती पुढे येतो, मला दाखवत होता. घरी आल्यावर आरशासमोर तेच. हे आमच्या मुलांना टीव्हीवर दिसत नाही हो, तिथे नुसते चौकार-षटकार दाखवतात. तेव्हा पाहुणा नकोच, असं मी म्हणणार नाही. पण तो मोसमापुरता येतो, सामने खेळतो आणि जातो. मुलांच्या नेटमध्ये त्याला उभं करायला नको का?

अकोलेकर
सगळे येणाऱ्यांवर बोलताहेत, जाणाऱ्यांचं कोणी नावच काढत नाही. आदित्य सरवटे आपला. 2019 च्या फायनलला याच जामठ्यावर सौराष्ट्राविरुद्ध 11 विकेट, पुजारासारखा माणूस त्यानं 1 आणि 0 वर काढला. 2025 ला तोच त्याच मैदानावर केरळकडून उतरला. पहिल्या डावात 79 धावा, दुसऱ्या डावात आपले 4 गडी. मला त्या दिवशी टाळी वाजवावी की नाही ते कळेना, शेवटी वाजवलीच. हर्ष आणि आदित्य, दोघंही डावखुरे फिरकीपटू, दोघांना एका संघात जागा कठीण, हे समजतं. केरळनं आदित्यला जागा दिली, त्याचं भलं झालं. कर्नाटकानं करुणला वगळलं, आपण जागा दिली, आणि 2025 ला तो इंग्लंडमध्ये पुन्हा कसोटी खेळला. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. धरमपेठकर, दार बंद केलं तर आपल्या पोरांनाही बाहेर कोण घेणार? अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्माही आता बडोद्याकडे आहे.

धरमपेठकर
दार बंद करा असं माझं म्हणणं नाही, पण ताईंचा मुद्दा मी उचलतो. पाहुणा एकच, त्याच्या पहिल्या करारापासून अट घालायची की मोसमाआधी 23 वर्षांखालच्या पोरांबरोबर शिबिर करायचं. आणि सलामीची जोडी इथलीच, मग दोन मोसम हरलो तरी चालेल.

बर्डीचा बंड्या
हरलो तरी चालेल? तुम्ही हे पुढच्या मोसमात साखळीतच बाहेर पडल्यावर बोलून दाखवा! दोन मोसम गेले की दानिशसारख्यालेही दुसरे राज्य उचलून नेईल. पोरगा जिंकणाऱ्या संघातच थांबते. शिबिराची अट मले मंजूर आहे. सलामीची नाही.

मानेवाड्याची ताई
शिबिर जामठ्याला ठेवू नका फक्त. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर ठेवा. शाळा सुटल्यावर मुलं सायकलनं पोचतील.